छोट्या धंद्याला जाहिरात नको, लेबल हवं!

गोंदियाच्या बाजारातली मोठी रेडिमेड दुकानं सेल लावतात, जाहिराती करतात. जवळच्याच नागऱ्यात माझी आई घरी ब्लाउज शिवते, मोबाइलचं काम माझ्याकडे. आम्ही त्या दुकानांची नक्कल का करायची? दोन हात शिवतील तेवढंच काम घेता येतं. आमच्यासाठी महत्त्वाचं काय, तर वेळेत देणं आणि बाकी वसूल करणं. बाकी अडकली की अस्तर-धाग्यालाही पैसे उरत नाहीत.

यासाठी २०१८ मध्ये आलेलं, फुकट मिळणारं व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे. त्यातली ही तीन फीचर्स वापरा:

१. लेबल: प्रत्येक चॅटला 'माप घेतलं', 'तयार' किंवा 'पैसे बाकी' असं लेबल लावा. संध्याकाळी 'पैसे बाकी' उघडलं की पूर्ण यादी समोर.

२. क्विक रिप्लाय: 'ब्लाउज तयार आहे, घेऊन जा' हा मेसेज एकदाच सेव्ह करा. नंतर चॅटमध्ये / टाइप करून निवडा.

३. कॅटलॉग: गळ्याच्या डिझाइनचे फोटो आणि शिलाईचे दर टाका. दर विचारणारे फोन कमी होतात.

पैसे यूपीआयने घ्या. गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून थेट आलेल्या पेमेंटवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, लागत नाही. साउंडबॉक्स घेणार असाल तर महिन्याचं भाडं आधी विचारा.

महाशिवरात्रीच्या यात्रेआधी 'माप घेतलं'चा आकडा वाढला, की मी नवीन ऑर्डरला सरळ पुढची तारीख सांगतो. गिऱ्हाईक थांबतं, कारण दिलेली तारीख आम्ही पाळतो.