दोष देवाला का द्यावा?

काही बिघडले, की आपण म्हणतो, "देवाची मर्जी!" कर्ज वाढले, की म्हणतो, "देवाने नशीबच असे लिहिले." असे म्हटले, की मन हलके होते. पण चूक कुठे झाली, ते कळत नाही. ख्रिस्ती धर्मात याविषयी काय शिकवण आहे, ते आपण पाहू.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आदामाची गोष्ट आहे. देवाने मना केलेले फळ त्याने खाल्ले. देवाने विचारले, तेव्हा त्याने बायकोकडे बोट दाखवले. वर देवालाच ऐकवले, की ही बायको तूच मला दिलीस! बायकोने सापाकडे बोट दाखवले. नाचता येईना, अंगण वाकडे, त्यातलेच हे! पण देवापुढे ही सबब चालली नाही. पुढे याकोबाच्या पत्रात हेच स्पष्ट सांगितले आहे. देव कोणाला मोहात पाडत नाही. माणसाला ओढते ती त्याची स्वतःचीच वासना.

आता आपल्या भागातले पाहू. वालधुनी नदी अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरातून पुढे कल्याणकडे जाते. 2014 साली उल्हासनगरात या नदीत रसायन ओतले गेले. विषारी वायू पसरला. शेकडो माणसांना दवाखान्यात न्यावे लागले. हे काय देवाने केले? नदी देवाची, पण विष माणसाचे.

पुराचे थोडे निराळे आहे. 26 जुलै 2005 रोजी फार मोठा पाऊस झाला. उल्हास नदीला पूर आला, बदलापुरात घरांत पाणी शिरले. 2019 च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पाण्यात अडकली. पाऊस माणसाच्या हाती नाही. पण नाल्यात कचरा टाकणे, नदीकाठी भराव घालणे, पुराच्या जागी घरे बांधून विकणे, हे तर माणसाच्याच हातचे आहे ना?

मग ज्याचे घर बुडाले, तो पापी का? मुळीच नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती इतरांहून जास्त पापी नव्हती, असे येशूने सांगितले. ऐकणाऱ्यांना मात्र त्याने आपापले मन पालटायला सांगितले. म्हणून दुसऱ्याच्या दुःखात त्याचे पाप शोधू नये. स्वस्त मिळाली म्हणून नदीकाठची खोली घेणाऱ्या गरिबाला आधार द्यावा. जाब विचारायचा तो भराव घालणाऱ्याला आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्याला.

चूक आपली असेल, तर नुसते "क्षमा कर, देवा" म्हणून भागत नाही. जक्कय नावाचा एक श्रीमंत जकातदार होता. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा त्याने, ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत देईन, असे कबूल केले. पश्चात्ताप म्हणतात तो हा.

संकट आले, की आधी विचार करावा. यात आपल्या हातचे काय होते? आता काय भरून देता येईल? तेवढे करावे, आणि मग देवापुढे हात जोडावेत.