बधिर बोटांचा ठेका

तुळजापुरास जाऊन आलेल्या माणसाच्या कानांत संबळ दोन दिवस तरी घुमत राहतो. धाराशिव जिल्ह्यात घरी मंगलकार्य झाले की गोंधळ आला, आणि गोंधळ आला की संबळ-तुणतुणे आलेच. या संबळाची एक साधी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो काठ्यांनी वाजतो. तबल्याचे तसे नाही. तबल्यावर ‘ना’ काढावयाचा तर अनामिका शाईच्या कडेशी हलकेच टेकवावी लागते आणि तर्जनी किनारीवर पडते. अनामिका जरा जड टेकली की नाद मेलाच म्हणून समजा!

आता अशी कल्पना करा, की जे बोट इतके हलके टेकवायचे, त्या बोटाला आपण कशाला टेकलो आहोत हेच कळत नाही.

कुष्ठरोग नेमके हे करतो. आमच्या आजीच्या पिढीत त्याला महारोग म्हणत, आणि तो शब्दही हळू आवाजात उच्चारीत. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन नावाच्या डॉक्टराने 1873 साली शोधला. तो फार संथ वाढतो. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत कित्येक वर्षे जातात. त्याचा खरा राग कातडीपेक्षा नसांवर. कोपर कोठे आपटले की हातात झिणझिण्या येतात ना, तीच नस तो बहुधा धरतो. मग करंगळी आणि अनामिका बधिर होतात, आखडून पंजाकडे वळतात. बोटे रोगाने झडतात असे लोक समजतात, ते तितकेसे खरे नव्हे. चहाचा कप पोळला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि तिच्यापायी बोट जाते. 1980 नंतर आलेल्या बहुविध औषधांनी हा रोग सहा महिने ते वर्षभरात पुरता बरा होतो. परंतु मेलेली नस सहसा परत येत नाही. रोग जातो, बधिरता जन्माची सोबतीण होऊन राहते.

संगीताशी या रोगाचे नाते जुने आहे, पण ते ऐकून वाईट वाटेल. मध्ययुगात युरोपातील रोग्यांच्या हाती लाकडी खुळखुळा देत. तो वाजला की लोकांनी दूर व्हावे! आपल्याकडे खुळखुळा नव्हता, पण क्षेत्राच्या वाटेवर पुढे फडके पसरून भजन म्हणणारा रोगी कोणी पाहिला नाही? पैसा टाकताना आपला हात किती उंच राही, हे ज्याचे त्याने आठवावे. त्याचे भजन मात्र कोणी ऐकत नसे.

हे सारे मनात धरून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याला जाऊ या. बाबा आमटे आणि साधनाताई तेथील जंगलात आले ते सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन, ही कथा मराठी घरांत आता पाठ झाली आहे. 1951 साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. भीक नको, काम हवे, हा तेथला पहिला नियम. बाबांच्या बरोबर दोन लहान मुलगे होते. त्यांतला थोरला विकास पुढे डॉक्टर झाला, आणि 2002 च्या सुमारास त्याने आनंदवनातल्याच माणसांचा वाद्यवृंद उभा केला. त्याचे नाव ‘स्वरानंदवन’. गाणी, वाद्ये, नृत्ये असा पुरता थाट. कलावंत कोण? कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, मूकबधिर, हातापायांनी अधू. गावोगावच्या रंगमंचांवर त्यांचे प्रयोग झाले.

अशा ताफ्यात एक मोठी गंमत असते. अंध वादक पेटीचे सूर बोटांनी ओळखतो. त्याला डोळ्यांची गरज नाही. ज्याची बोटे बधिर, त्याला मात्र पट्टीवर नजर ठेवावी लागते, कारण बोट काळ्या पट्टीवर आहे की पांढरीवर, हे त्याला डोळेच सांगणार. मूकबधिर मुलगी नाचते ती ठेका ऐकून नव्हे, समोरची खूण पाहून. एकापाशी नाही ते दुसऱ्यापाशी आहे. एकट्याने ज्याची मैफल झाली नसती, अशा माणसांचा मिळून वृंद होतो. आखडलेल्या हाताला चमचा धरता यावा म्हणून तळहाताशी पट्टा बांधतात. वाद्याची काठीही तशी बांधता येते. संबळाची गोष्ट मी उगीच सांगितली नाही.

आजारी गवयाचे आम्हां पांढरपेशांना वावडे नाही. कुमार गंधर्वांना क्षय झाला, 1948 साली ते देवासला आले, गाणे कित्येक वर्षे बंद राहिले, आणि परतले तेव्हा त्यांचे गाणे नवेच होऊन आले. त्या आजाराचा आपण गौरवाने उल्लेख करतो. क्षय कुष्ठाहून अधिक सांसर्गिक. पण क्षयाच्या रोग्याला घर राहिले, कुष्ठाच्या रोग्याला घरच्यांनीच वेशीबाहेर घातले. हा फरक जंतूने केलेला नाही. कायद्यालाही तो पुसायला वेळ लागला. जोडीदाराला कुष्ठरोग, एवढ्या कारणावर घटस्फोट मागता येई, ती तरतूद 2019 साली गेली! आणि रोगही संपलेला नाही. जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक अद्याप भारतातच आढळतात.

म्हणून अशा वृंदाला टाळी देताना थोडे जपावे, असे मला वाटते. कीव येऊन दिलेली टाळी ही फडक्यावर टाकलेल्या पैशाचीच बहीण. सूर लागला तर वाहवा म्हणावे. बेसूर झाला तर कोणत्याही गायकाला म्हणू तसे आज जमले नाही म्हणावे. ऑर्केस्ट्रा म्हटले की नाक मुरडणारे आमच्यातही आहेत. त्यांनी येथेही खुशाल मुरडावे. कलावंताला तोही मानच आहे.

प्रयोग संपला, पडदा पडला, की इतर कलावंत जेवायला धावतात. बधिर हातापायांच्या कलावंताला आधी दुसरे काम असते. हात आणि पाय पाण्यात भिजत ठेवायचे, निबर झालेली कातडी घासायची, तेल लावायचे. नाचताना तळव्याला काही लागले असेल तर दुखणार नाही, म्हणून ते डोळ्यांनीच शोधायचे. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरायचा. डोळेही नसतील, तर शेजारचा पाहून सांगतो.