घट्ट म्हणजे किती घट्ट?

पुष्कळ वर्षें मुलांना शिकवून मी सेवानिवृत्त झालों; परंतु गेल्या पावसाळ्यांत मला स्वतःला एक धडा मिस्त्र्याकडून घ्यावा लागला. तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

माझी मोटारसायकल जुनी, १०० सी.सी.ची, फोर-स्ट्रोक. शाळेंत जाण्यायेण्यास तिनेंच मला साथ दिली. इंजिनाच्या हेडखालून थोडें तेल झिरपूं लागलें, तेव्हां नट सैल झाले असतील असा तर्क करून मीं लांब दांड्याचा पाना घेतला आणि होतें नव्हतें तें बळ लावून नट आवळले. तीन नट आवळले गेले. चौथा मात्र घट्ट होईना. नुसताच फिरत राहिला.

मिस्त्र्यांनीं इंजिन खोलून त्या जागचा स्टड बाहेर काढला. त्याच्या खालच्या टोकाला बारीक पांढुरकी तार गुंडाळल्यासारखी दिसत होती. ते म्हणाले, "गुरुजी, ही तार नव्हे, हे तुमच्या केसचे आटे आहेत."

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली पोलादी कांब. तिचें खालचें टोक ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्यें रोवलेलें असतें. सिलिंडर व हेड यांच्या भोंकांतून ती वर येते आणि तिच्या माथ्यावर नट बसतो. अशा चार कांबा मिळून सर्व इंजिन एकत्र दाबून धरतात. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पेटलेल्या वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोग्रॅम धरला, तर हेडला वर उचलूं पाहणारा जोर पाऊण टनाहून अधिक भरतो. मिनिटाला ५००० फेरे घेणाऱ्या इंजिनांत असा धक्का २५०० वेळां बसतो!

हा धक्का स्टड सोसतो कसा? नट आवळला कीं पोलाद किंचित् ताणलें जातें आणि स्प्रिंगप्रमाणें परत आखडूं पाहतें. ही ओढच हेडला जागेवर ठेवते. मग ओढ जितकी अधिक तितकें बरें, असें मला वाटलें. तेथेंच माझें चुकलें. १०० मिलिमीटर लांबीचें ॲल्युमिनियम १०० अंशांनीं तापलें, तर सुमारें ०.२३ मिलिमीटर वाढतें. तेवढेंच पोलाद सुमारें ०.१२ मिलिमीटर. म्हणजे इंजिन तापलें कीं ॲल्युमिनियमचें सिलिंडर स्टडला आणखी ताणतें. थंड असतांनाच पिळाची परमावधि झाली असेल, तर ही वाढीव ओढ सोसावी कोणीं? पोलाद कणखर, मऊ ॲल्युमिनियमचे आटेच कापले जातात. माझ्या पान्यानें तर इंजिन तापण्याचीही वाट पाहिली नाहीं.

आतां दुरुस्तीची रीत सांगतों. उरलेले स्टड काढण्यापूर्वीं मिस्त्र्यांनीं पातळ तेल सोडून तें मुरूं दिलें आणि केस बेतानें तापविली. ॲल्युमिनियम अधिक फुगल्यानें पकड ढिली पडते. मग स्टडच्या वरच्या आट्यांवर दोन नट एकमेकांवर आवळून खालचा नट उलटा फिरविला, तेव्हां स्टड सुटून आला. इंजिनाच्या उघड्या तोंडांत कीस पडूं नये म्हणून त्यांनीं तेथें स्वच्छ फडकें कोंबलें होतें. बिघडलेलें भोंक ८.३ मिलिमीटरच्या ड्रिलनें मोठें करून त्यांत खास टॅपनें नवे आटे पाडले आणि त्या आट्यांत गंज न धरणाऱ्या पोलादी तारेची गुंडाळी बसविली. तिच्या आंतल्या बाजूस पूर्वींच्याच मापाचे, ८ मिलिमीटरचे आटे तयार होतात. केस बदलण्याचा मोठा खर्च अशा रीतीनें वांचला.

स्टड चारही नवे घातले. एकदां अति ताणलेल्या पोलादाचा भरंवसा धरूं नये. भोंकें आधीं अगदीं कोरडीं केलीं. तळाशीं तेल सांचलें असेल, तर तें दबत नाहीं आणि केसलाच तडा जाऊं शकतो. शेवटीं नट समोरासमोरच्या क्रमानें, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानें आवळले. किती आवळावयाचें तो आंकडा कारखान्याच्या पुस्तकांत दिलेला असतो. एवढ्या लहान इंजिनाच्या ८ मिलिमीटरच्या नटास तो बहुधा २ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास असतो. आट्यांना तेल लावावें कीं नाहीं, हेंही पुस्तकांतच पाहावें. कारण तेलामुळें तेवढ्याच पिळानें स्टड अधिक ताणला जातो.

आणि झिरपणारें तेल? तें सैल नटांमुळें नव्हतेंच. हेडखालचें पॅकिंग जुनें होऊन विरलें होतें. तें पाहिलें आणि मला माझा वर्ग आठवला. एखाद्या मुलास गणित उमजलें नाहीं, तर तेंच गणित मी चढ्या आवाजांत पुन्हां सांगत असें. त्याचें अडलें कोठें, हें पाहण्यासाठीं मीं किती वेळां खालीं वांकून पाहिलें असेल?