मुदत चुकली तर काय बिघडते?

पोलादपूरजवळच्या कापडे गावात तुमचा एखादा मित्र राहतो असे समजा. सावित्री नदीवरचा भूगोलाचा धडा तो मोबाइलवर पाहतो आहे. डोंगर दिसतात तोवर चित्र नीट चालते; पुराचे पाणी उसळू लागताच ते अडखळते. चित्रफीत मोबाइलमध्येच साठवलेली आहे, तेव्हा ‘रेंज नाही’ ही सबब इथे चालायची नाही!

चित्रफितीत सेकंदाला २५ चित्रे आहेत. म्हणजे प्रत्येक चित्र उलगडायला प्रोसेसरला मुदत ४० मिलिसेकंदांची. स्थिर डोंगराचे चित्र मागच्या चित्राहून फारसे वेगळे नसते, त्याला समजा १२ मिलिसेकंद पुरतात. खळाळत्या पाण्यात जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो. तिथे २८ लागतात. शिवाय त्याच प्रोसेसरला आवाजही सांभाळायचा आहे आणि बोटाच्या स्पर्शाला उत्तरही द्यायचे आहे.

विमानाच्या नियंत्रणात मुदत चुकली तर अपघात व्हायचा. म्हणून तिथे प्रत्येक कामाला लागू शकणारा जास्तीत जास्त वेळ आधीच राखून ठेवतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांविषयी लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. ज्याची मुदत सर्वांत जवळ ते काम आधी घ्यावे. एकूण मागणी शंभर टक्क्यांच्या आत असेल, तर एकही मुदत चुकत नाही. मागणी शंभराच्या वर गेली की मात्र एका कामाचा उशीर दुसऱ्याला बाधतो.

धड्यातले एखादे चित्र गळाले तर कुणाचा जीव जात नाही. मग प्रत्येक चित्रासाठी २८ मिलिसेकंद अडवून ठेवणे ही उधळपट्टीच. त्याऐवजी अनुभवावरून अंदाज बांधता येतो. जुन्या अंदाजाचा पाऊण भाग आणि ताज्या वेळेचा पाव भाग घ्या: ९ + ७ = १६. पुढच्या चित्राला १९, मग सव्वाएकवीस. वहीत पुढे करून पाहा. अंदाज २८ च्या जवळ येईपर्यंत चित्रे रखडतात. मित्राला दिसलेले अडखळणे ते हेच. मग एकदम २८ का धरू नये? एखादेच चित्र जड निघाले, तर अंदाज उगाच हेलकावे खाईल.

आता चित्रांना ७० टक्के, आवाजाला १० आणि इतर कामांना ३० टक्के वेळ हवा झाला, तर बेरीज ११०! अशा वेळी एकाआड एक चित्र सोडून देतात. ७० चे ३५ होतात. आवाजाला हात लावत नाहीत, कारण कानाला खंड चटकन कळतो, आणि गुरुजींचे वाक्य तुटले तर धडाच गेला.

मोबाइल फार तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो. मग डोंगराच्या चित्रालाही १२ ऐवजी १८ मिलिसेकंद लागू लागतात. अंदाज प्रत्यक्ष मोजणीवर बेतलेला असल्याने दहा-बारा चित्रांत तोही १८ च्या जवळ जाऊन बसतो.