फाटकावरची वही

पाळी बदलताना आधी हातात येते ती वही. मग बॅटरी, शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा आणि वॉकीटॉकी. वहीत रकाने आखलेले असतात: तारीख, वेळ, पॉइंट, चार्ज देणार, चार्ज घेणार आणि शेरा. शेऱ्याखाली पानामागून पान एकच मजकूर, ‘सर्व ठीक’. मधूनच एखादी ओळ वेगळी दिसते. ‘मागील गेटजवळ दोन इसम विनाकारण थांबले होते, हटकले असता निघून गेले.’ ‘वसतिगृहामागील दिवा बंद, इलेक्ट्रिशियनला कळवले.’ ‘नाल्याच्या बाजूस लाकूड तोडल्याचा आवाज, पाहणी केली, काही आढळले नाही.’ ही पोलिसी मराठी रखवालदारांना कुणी शिकवलेली नसते. वरच्या ओळीत जसं लिहिलंय तसं खालचा लिहितो.

पुण्यातल्या एका जुन्या, झाडीच्या शैक्षणिक आवारात रात्रपाळीबरोबर फिरायची परवानगी मला मिळाली, ती संस्थेचं नाव छापायचं नाही या अटीवर. या अटीतच विषयाचं मर्म आहे. आवार सुरक्षित असण्याइतकंच ते सुरक्षित दिसणंही संस्थांना गरजेचं वाटतं. घडलेलं जितकं लिहून ठेवावं तितकं ते दिसणं बिघडतं, म्हणून लिहिणं टळत जातं.

पुण्यात आवार म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सुमारे ४११ एकर जागा, १९४९ सालची स्थापना आणि मधोमध मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधलेली मुख्य इमारत. मराठी मुलखातल्या एका फार मोठ्या गुन्हे-तपासाची सुरुवात याच इमारतीच्या दारातून झाली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड आणि आयर्स्ट हे ब्रिटिश अधिकारी इथून निघाले आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारने वीस हजार रुपयांचं इनाम लावलं, शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. तरी दामोदर चापेकरांपर्यंत पोलीस पोचले ते द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीमुळे. देशभक्ती आणि फितुरी यांचा हिशेब वेगळा आहे. निव्वळ पोलिसी कामापुरतं बोलायचं, तर बंदोबस्त कितीही वाढवला तरी छडा लागतो तो कुणीतरी सांगितल्यावर. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

आज या आवारात विभाग आहेत, वसतिगृहं आहेत, जयकर ग्रंथालय आहे, १९८८ पासून आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. पहाटे फिरायला येणारी मंडळी आहेत, कामानिमित्त दिवसभर आत-बाहेर करणारी माणसं आहेत. अशा ठिकाणी ‘बाहेरचा’ कोण हे नुसतं बघून ठरवता येत नाही. आवाराच्या सुरक्षेची आपली व्यवस्था संस्था आणि पोलीस यांच्यात वाटलेली आहे. फाटकावर संस्थेचे रखवालदार, आणि फाटकाबाहेर चतुःशृंगी पोलीस ठाणं, दामिनी पथक आणि ११२ क्रमांक. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांचं स्वतःचं पोलीस दल असतं, तसं आपल्याकडे नाही. फाटकावर गणवेशात उभा असलेला माणूस कायद्याच्या नजरेत तुमच्या-माझ्यासारखाच साधा नागरिक.

नाव न छापायच्या त्या आवारात ज्या रखवालदारांबरोबर मी फिरत होते ते लातूरकडचे. मुलं त्यांना काका म्हणतात. “चोर सापडला तर काय करता?” असं विचारल्यावर ते हसले. “धरायचं आणि सुपरवायझरला फोन लावायचा. मारायचं नाही. मारलं तर आपणच आत.”

काकांना कलम ठाऊक नव्हतं, पण कायदा साधारण तेच सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही पकडू शकतो, मात्र त्याला विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. इथे एक गंमत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे गीअरची नवी सायकल पळवणाऱ्याला काका कायद्याने धरू शकतात, पण चार मुलांच्या हातून गेलेली जुनी खटारा सायकल पळवणाऱ्याला धरायचा अधिकार त्यांना नाही. आणि रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात सायकलीची किंमत ठरवायची कुणी?

पहिला राउंड वसतिगृहाच्या मागून निघाला. काकांनी मागच्या दाराला हात लावला तेव्हा ते नुसतं लोटलेलं होतं. खाली चौकटीत विटेचा तुकडा अडकवलेला. काकांनी तो पायाने सरकवला आणि दार ओढून घेतलं. अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा तिथून गेलो, तर वीट परत जागेवर. पुढचा वळसा टाळण्यासाठी मुलं तसं करतात. काका रागावले नाहीत. “त्यांचं वयच तसं. पण एखाद्या दिवशी यातूनच कुणीतरी घुसंल.” वहीत या विटेची नोंद नव्हती. रोजचीच गोष्ट कशाला लिहायची?

दुसऱ्या राउंडला आम्ही कुंपणाकडच्या झाडीत गेलो. पुण्याच्या जुन्या आवारांचं खास दुखणं म्हणजे चंदनचोरी. विद्यापीठ, महाविद्यालयं, संशोधन संस्था, सरकारी बंगले, कुणी सुटलेलं नाही. चंदन मुद्दाम लावावंच लागतं असं नाही. पक्षी फळं खातात, बी टाकतात, आणि शेजारच्या झाडाच्या मुळांतून काही अन्न घेत रोप कुंपणाकडेला वाढत राहतं. माळ्याचंही लक्ष नसतं. लक्ष असतं ते चोराचं. झाडात सुगंधी गाभा धरायला बरीच वर्षं लागतात, म्हणून चोर आधी येऊन खोडाला गिरमिटाने भोक पाडून बघतो. काकांनी मला असं एक भोक दाखवलं. करंगळी जाईल एवढं, छातीच्या उंचीवर, कडेला वाळलेला भुसा. “हे झाड बघून गेलेत. आता पाऊस पडायची वाट बघतील,” ते म्हणाले. पावसाच्या आवाजात करवत ऐकू येत नाही. खोड तेवढं नेतात, फांद्या आणि पाला तिथेच पडतो. सकाळी माळ्याला बुंधा दिसतो आणि मग वही, अर्ज, पंचनामा हे सगळं सुरू होतं.

काही संस्थांनी चंदनाच्या खोडांभोवती लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. पण त्या रात्री माझं लक्ष त्या भोकाकडे लागून राहिलं. गुन्हा अजून घडलेला नाही, पण तो घडणार हे झाडावर लिहिलेलं आहे, आणि ते वाचता येणारा माणूसही तिथेच उभा आहे. मी विचारलं, “हे वहीत लिहिलं का?” काका म्हणाले, “लिहिलं तर साहेब विचारतात, तुमच्या पाळीत भोक पडलंच कसं?”

सगळं घोडं इथे पेंड खातं. जो लिहील तोच जबाबदार धरला जाणार असेल, तर ‘सर्व ठीक’ हाच शहाणपणाचा शेरा. रखवालदार सुपरवायझरला घाबरतो, सुपरवायझर एजन्सीचं कंत्राट जाईल म्हणून घाबरतो आणि संस्था नाव खराब होईल म्हणून. प्रत्येक पायरीवर घटना थोडी लहान होत जाते.

ठाण्याच्या पायरीवरही हेच होतं. माझ्या भाचीचा फोन शहरातल्या एका अभ्यासिकेतून टेबलावरून गेला. ती चहा पिऊन परत येईपर्यंत फोन नव्हता. आम्ही एका ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार सौजन्याने बोलले. “ताई, हरवल्याचं लिहून द्या, लगेच दाखला मिळेल, सिम मिळेल. चोरी म्हटलं की तपास आला, जबाब आला, तुम्हालाच हेलपाटे.” भाचीला दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. तिने ‘गहाळ’ लिहून दिलं. सिम मिळालं, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून फोन बंदही झाला. तिची गैरसोय टळली, पण त्या अभ्यासिकेत चोरी झाली हे कुठल्याही गुन्ह्याच्या आकड्यात आलं नाही. पुढच्या महिन्यात तिथल्याच दुसऱ्या मुलीला कुणी सावध करायचं?

कायदा मात्र नोंदीच्या बाजूने उभा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं. अपवाद मोजकेच ठेवले. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात खबर देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. अंमलदाराने नकार दिला तर वरिष्ठांकडे लेखी पाठवता येते. हे सगळं फाटकाजवळच्या फलकावर मावेल एवढंच आहे. फलकावर दिसतात ते मात्र बहुधा नो पार्किंगच्या दंडाचे दर.

रॅगिंगच्या बाबतीत संस्थेच्या हातात फारशी मोकळीक ठेवलेलीच नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. हिमाचलमध्ये मार्च २००९ मध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये जीव गेल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी नियम केले, आणि गुन्ह्यात बसणारा प्रकार असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत संस्थाप्रमुखांनी एफआयआरसाठी पाऊल उचलायचं असं ठरलं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. अंतर्गत समिती, घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी, आणि किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या याचा वार्षिक अहवाल आयोगाकडे.

वाचनकक्षातून साडेअकराला निघालेल्या दोघी मुलींना मी विचारलं, त्रास झाला तर कुणाला सांगाल? एक म्हणाली, “ग्रुपवर टाकू.” दुसरी म्हणाली, “घरी तर मुळीच नाही. घरी कळलं की म्हणतील, परत ये.” समितीचं नाव दोघींनी ऐकलेलं होतं, पण ती बसते कुठे हे माहीत नव्हतं. त्या ग्रुपवर मात्र कुठल्या वळणावर दिवा नाही, कुठल्या दुचाकीवाल्याने दोनदा पाठलाग केला, कुठल्या बाजूने एकटीने जायचं नाही, हे सगळं वेळेसकट लिहिलेलं होतं. सुरक्षेची खरी नोंदवही मुली आपल्या फोनवर चालवतात, आणि तिची प्रत ना फाटकावर जाते ना ठाण्यात.

पोलीस आवारात येण्याची दुसरी बाजूही पुण्याने पाहिली आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग आक्षेप घेऊन बंद पाडला गेला. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. दुसऱ्याच दिवशी केंद्रात तोडफोड झाली. जिथे एका मुलीची पाठलागाची तक्रार फाटकापर्यंत पोचत नाही, तिथे नाटकावरची तक्रार थेट कोठडीपर्यंत पोचते. अशा वेळी विद्यार्थ्यांना पोलीस आपले वाटत नाहीत, आणि ज्याच्यावर भरवसा नाही त्याला कुणी काही सांगत नाही.

आवारातले गुन्हे लिहून उघड करणं अमेरिकेतही सहज झालं नाही. एप्रिल १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. आपोआप लागणारी दारं मुलांनी अडकण लावून उघडी ठेवली होती, त्यातून खुनी आत आला. आधीच्या काही वर्षांत त्या आवारात कितीतरी हिंसक गुन्हे घडले होते आणि विद्यार्थ्यांना ते सांगितलेच नव्हते, हे आईवडिलांना मागाहून कळलं. त्यांनी धरलेल्या नेटामुळे १९९० साली कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या विद्यापीठांनी दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत गुन्ह्यांचे आकडे जाहीर करायचे. ज्यांच्याकडे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे त्यांनी रोजची नोंदवही ठेवायची, आणि ती कुणालाही बघायला खुली. आकडे दडवले तर दंड. २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला या कायद्याखाली एक कोटी चाळीस लाख डॉलर भरावे लागले. त्या कायद्याने गुन्हे संपले नाहीत. पण आवारात किती आणि कोणते गुन्हे घडले, हे तिथल्या मुलांना प्रवेश घेण्याआधी वाचता येतं.

आपल्याकडे पालक प्रवेशाच्या वेळी प्लेसमेंटचे आकडे विचारतात, नॅकची श्रेणी विचारतात, मेसचे दर विचारतात. आवारात गेल्या वर्षी काय काय घडलं हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर उत्तर देणारी खिडकी नाही. त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. नावं-गावं झाकून महिन्याला एक पान संकेतस्थळावर टाकणं कुठल्याही कुलसचिवांच्या किंवा प्राचार्यांच्या अखत्यारीत आहे. किती सायकली गेल्या, किती फोन, किती झाडं, पाठलागाच्या किती तक्रारी, त्यातल्या ठाण्यात किती गेल्या. पहिल्या वर्षी हे पान वाईट दिसेल. ते वाईट दिसलं म्हणून रखवालदाराला धारेवर धरायचं नाही, एवढं मात्र आधी ठरवावं लागेल. झाडावरचं भोक वहीत लिहिणाऱ्याला शाबासकी मिळाली, तरच पुढचं भोक कुणीतरी वेळेत दाखवेल.