गाईची अवजारं आणि माझा आलेख

प्रपोजल लिहायला बसला असाल तर ते दहा मिनिटं बाजूला ठेवा. आज गॅरी लार्सनबद्दल सांगायचंय. हा अमेरिकन व्यंगचित्रकार. त्याचं 'द फार साइड' १९८० ते १९९५ अशी पंधरा वर्षं वर्तमानपत्रांत येत होतं. बहुतेक वेळा एकच चौकट, खाली एखादी ओळ, आणि पात्रं म्हणजे गाई, किडे, डायनासोर नाहीतर शास्त्रज्ञ.

त्याचं डासाचं चित्र घ्या. नर डास कामावरून दमून घरी येतो आणि बायकोला सांगतो, आज बहुतेक अर्ध्या देशात मलेरिया पसरवला असेल. वाचकांनी लगेच कळवलं, चावते ती मादी! बरोबरच आहे. अंड्यांसाठी रक्त मादीला लागतं, नर फुलांच्या रसावर जगतो. पण लार्सनचा टोमणा बघा: हे डास कपडे घालतात, घरात राहतात, इंग्रजी बोलतात, ते मात्र सगळ्यांना चाललं!

मला वाटतं, वाचकांचंही चुकलं नव्हतं. 'घर्षण नाही असं समजा' म्हटलं की आपण मान डोलावतो. तेच गणित पुढे चिन्ह चुकलं की तिथेच अडतं. गृहीतक उघड मांडलेलं असतं, म्हणून कितीही अचाट असलं तरी खपतं. त्याच्या आतली चूक खपत नाही. व्हायवात नेमकं हेच होतं.

(जाता जाता: स्टेगोसॉरसच्या शेपटीवरच्या काट्यांना 'थॅगोमायझर' म्हणतात, तो शब्द लार्सनच्या १९८२च्या चित्रातला. १९९३मध्ये केनेथ कारपेंटर या जीवाश्मतज्ज्ञानं तो परिषदेत वापरला आणि रुळला.)

आता गाय. १९८२मधलंच चित्र. टेबलामागे गाय उभी, टेबलावर चार ओबडधोबड वस्तू, खाली शब्द फक्त 'गाईची अवजारं'. कुणालाच कळेना. पत्रं आणि फोन इतके आले की लार्सनला खुलासा काढावा लागला. विनोद साधा होता: गाईनं अवजारं केली तर ती अशीच बेढब होणार. पण त्यातलं एक थोडंसं करवतीसारखं दिसत होतं. झालं! एक ओळखता आलं म्हणजे उरलेली तीनही कशाची तरी असणारच, म्हणून लोक ती ओळखत बसले.

हे वाचून मी हसलो नाही. माझ्या पहिल्या प्रोग्रेस सेमिनारला मी एक्सआरडीचा आलेख दाखवला होता. त्यात एकाच पीकवर नाव लिहिलं होतं. बाकीचे बारीक उंचवटे म्हणजे निव्वळ नॉइज. समितीनं मात्र वीस मिनिटं त्या उंचवट्यांवरच घालवली. 'हे कशाचं? आणि हे?' माझ्या कामाचा मुद्दा शेवटच्या दोन मिनिटांत उरकला.

तेव्हापासून नॉइजची पातळी मी आलेखावरच तुटक रेषेनं दाखवतो.