विश्लेषण : दर सातव्या वर्षी कर्जमाफी! प्राचीन हिब्रू लोकांचा कायदा काय होता?

कर्जमाफी म्हटली की आपल्याकडे मोर्चे आणि निवडणुका आठवतात. प्राचीन हिब्रू लोकांच्या कायद्यात मात्र ती थेट कालगणनेतच बसवलेली होती. पण तारीख आधीच ठाऊक असेल, तर सावकार कर्ज देईल कशाला?

‘श्मिता’ म्हणजे काय?

श्मिता म्हणजे सोडून देणे. ‘तोरा’ या धर्मग्रंथानुसार सहा वर्षे जमीन कसायची आणि सातव्या वर्षी पडीक ठेवायची. त्या वर्षी आपोआप उगवेल त्यावर गरिबांचा हक्क. ‘अनुवाद’ या भागात पुढचे पाऊल आहे : सातव्या वर्षी आपल्या लोकांकडची येणी सोडून द्यायची. परक्यांकडून वसुलीला मात्र मुभा होती.

पन्नासावे वर्ष ‘योबेल’चे. तेव्हा विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. त्यामुळे पुढच्या योबेलपर्यंत किती पिके निघतील, यावर जमिनीची किंमत ठरवावी असा नियम होता. म्हणजे नाव विक्रीचे, व्यवहार भाडेपट्ट्याचा!

कर्जमाफीची कल्पना त्यांचीच का?

नाही. बॅबिलोनचे राजेही कर्जे माफ करत. अम्मीसदुका राजाचा इ. स. पूर्व सतराव्या शतकातला असा हुकूम उपलब्ध आहे. पण तिथे माफी राजाच्या मर्जीवर होती, इथे ठरलेल्या वर्षावर.

गरिबाला संरक्षण होते का?

जात्याची तळी गहाण घेऊ नये आणि गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे नियम होते. प्रत्यक्षात काय घडे, याची झलक १९६० मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ, याव्नेपासून जवळच मिळालेल्या एका खापरावर दिसते. इ. स. पूर्व सातव्या शतकातला एक कापणी करणारा मजूर त्यात अधिकाऱ्याकडे दाद मागतो : काम पूर्ण केले तरी माझे वस्त्र काढून घेतले, सोबतचे मजूर साक्ष देतील, ते परत मिळावे. निकाल काय लागला, ते खापरावर नाही.

मग पळवाट कशी निघाली?

सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला नकार देऊ नका, अशी ताकीद खुद्द ग्रंथातच आहे. पण ताकिदीने तिजोरी उघडत नाही. मिश्ना या कायदेसंग्रहानुसार लोक कर्ज देईनासे झाले, तेव्हा हिल्लेल या धर्मपंडिताने (इ. स. पूर्व पहिले शतक) ‘प्रोझबुल’ आणले. सावकाराने आपली येणी न्यायाधीशांसमोर लेखी नोंदवायची. मग सातव्या वर्षानंतरही वसुली चालू. यहुदियाच्या वाळवंटात मुरब्बात इथे सापडलेल्या नीरोच्या काळातल्या (इ. स. ५५-५६) कर्जरोख्यात तर ऋणकोच लिहून देतो, की श्मिता वर्ष असले तरी फेडीन.

हिल्लेलने कायदा पोखरला, असे म्हणता येईल. पण पेरणीच्या तोंडावर हात रिकामा असलेल्यासाठी सात वर्षांनंतरच्या माफीपेक्षा आज मिळणारे बियाणे मोठे होते.

आज काय स्थिती?

इस्रायलमध्ये २०२१-२२ हे श्मिता वर्ष होते. काही शेतकरी तेवढ्या काळापुरती जमीन कागदोपत्री बिगर-ज्यूला विकतात आणि शेती सुरू ठेवतात. कोकणातल्या बेने इस्रायलींनी याच परंपरेतला सातवा दिवस पाळला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. पुढचे श्मिता वर्ष सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होईल.